पाल इल्ले

विश्रामबाग, सांगली
८ जानेवारी २०२५

राहीआक्का,

पाया पडते. आधी चष्मा पूस, मग वाच, न्हाईतर अर्धं वाचून उलटंच उत्तर धाडशील. तुला नात झाली. म्हंजे मला झाली, पर तुझी बी तीच. रविवारी सकाळी. सव्वा किलोची हाय. आक्का, सव्वा किलो म्हंजे माझ्या तांब्यात मावंल, पर नाक असं तरतरीत की आपल्या आईचंच बसवलंय म्हनावं. मी दिसभर खुळ्यावानी हसतीया. शेजारच्या खाटंवरची बाई म्हनली, आजी, तुमचं बाळ काचंच्या पेटीत हाय आन् तुमी हसताय काय. म्हनलं, मग रडू काय, नात झालीया.

फोन का केला न्हाईस म्हनशील. तुला ऐकू येत न्हाई, आन् मी वरडून बोलले की हितला शिपाई मला भाईर काढतो. कानातलं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंयस, ते काय डब्याला ऐकू यावं म्हनून का. म्हनून हा कागद. तिसरीपतुर शिकले तेवढं उपेगाला आलं.

आता सुरवातीपासनं सांगते. आमच्या सूरजचं तिकडं तमिळ मुलखात, सेलमला, गलाईचं दुकान हाय ते तुला ठावं हाय. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यानं तिथलीच पोरगी केली, पूंगोडी. पोरगी गुनाची हाय, पर मराठीचा एक शब्द येत न्हाई, आन् माझ्या तमिळीबद्दल तर बोलायलाच नगं. सातव्या महिन्यात ओटी भरायला आटपाडीला आनली. ओटी भरली, हिरव्या बांगड्या घातल्या, आन् तिसऱ्या दिशी कळा. दोन महिने आधी. गाडी करून हितं आनली. सूरज दोन दिस थांबून सेलमला माघारी गेला, भट्टीवर दुसरं कोन न्हाई म्हनं. त्याच्यासंगं आमचं दोघींचं बोलनं बी गेलं. मधी बोलनारा तो एकलाच हुता.

हितली तऱ्हा काय सांगू. चपला भाईर. हात कोपरापतुर धुवायचे, मग पुन्ना दुसऱ्या साबनानं धुवायचे. सोनिया नावाची सिस्टर हाय, ती म्हनली बांगड्या काढा. म्हनलं, मालक जित्ते हायेत माझे, आटपाडीत मेंढरं राखत्यात. म्हनली, आजी, बांगड्या काढल्यानं मालकांना काय हुत न्हाई, ठेवल्यानं बाळाला हुतंय. लय फाटक्या तोंडाची. पर बाळाला हात लावायच्या आधी सोताचे हात चोळून ऊन करती, ते म्या बघितलंय.

रोज अकरा वाजता ती समद्या आयांना गोळा करून शिकवती. बाळं एवढी बारकी, त्यास्नी चोखता येत न्हाई, म्हनून आईचं दूध पंपानं काढायचं आन् नळीनं घालायचं. दर तीन तासाला. एक बिहारची हाय, तिचा नवरा कुपवाडला कारखान्यात. एक इजापूरकडची, ऊसतोडीला आल्याली. आन् आमची. सोनिया मराठीत धाडधाड बोलती आन् तिघी माना हलवत्यात. आमची तर मान दोन्ही खांद्यांकडं डोलवती, व्हय का न्हाई ते देवाला ठावं. भिंतीवर तक्ता लावलाय, त्यात एक गोरीपान बाई आन् पांढऱ्याशिप्पट दुधानं भरल्याली बाटली.

बाटलीवरनं आठवलं. पयले तीन दिस पोरीला नुसतं पिवळं चिकट आलं, हळदीच्या पान्यावानी, बाटलीचा तळ बी झाकंना. ते काय बाळाला द्यायचं, आपल्याकडं कुनी दिलंय का. म्या मोरीत वतलं आन् सिस्टरला सांगितलं, अजून आलं न्हाई.

आन् एक डोक्याला ताप. ही पोरगी पालीला लय भिती. बाटली हातात घिऊन माझ्याकडं बघती आन् म्हनती, पाल इल्ले, पाल इल्ले. डोळं भरल्यालं. म्या टूबलाईटच्या मागं बघितलं, खाटंखाली बघितलं. झाडूवाल्या चंद्राबाईला बोलवून भिंत झाडून घेतली. ती म्हनली, म्हातारे, हितं माशीला आत सोडत न्हाईत, पाल कुठनं येनार. तरी म्या मोरपीस आनून खाटंला बांधलं. तरी हिचं आपलं पाल, पाल. सूरजला कळवलं न्हाई, भट्टीम्होरं उभा ऱ्हातो, त्याला कशाला घोर. फोनवर ती त्याला नुसतं सरी, सरी म्हनती, जनू उसाला पानी पाजतीया.

उत्तर लवकर धाड. मागच्या वक्ताला दीड महिना लावलास.

तुझी धाकटी,
बया (आता आज्जी)


पाटण, वरची वाडी
१३ जानेवारी

बये,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा भाकरी थापत होते. वाचता वाचता ती तव्यावर करपली. नातीच्या आनंदानं नव्हे, तुझ्या अकलेनं.

तीस वर्षं अंगणवाडीत मी बायकांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली, आणि माझी सख्खी बहीण दवाखान्यात बसून तीच मोरीत ओतते. अगं, ते पिवळं म्हणजे चीक. आबांच्या कळपात कोकरू पडलं की तू काय करायचीस ते आठवतंय का? मेंढीचा चीक त्याच्या तोंडात गेल्याशिवाय जागची उठायची नाहीस. आई जेवायला हाका मारून दमायची. कोकराला चीक पाहिजे, रेडकाला चीक पाहिजे, म्हैस व्याली की खरवसाची पहिली वाटी तुला पाहिजे. आणि सव्वा किलोच्या नातीचा मात्र मोरीत. आपल्या आईनंही ओतला, मला माहीत आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगितलं होतं, सूरजच्या वेळी. तेव्हाही तू हो हो म्हणालीस.

आता तुझी पाल. तुझं पत्र वाचून माझ्याच मनात पाल चुकचुकली. आमच्या शेजारचे हंबीरराव फौजेत असताना दहा वर्षं तमिळ मुलखात होते. पत्र घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. त्यांनी ते दोन शब्द वाचले आणि इतके हसले की कवळी हातात धरावी लागली. मग हसायचे थांबले. म्हणाले, "वहिनी, पाल म्हणजे दूध. इल्ले म्हणजे नाही."

कळलं का? पोरगी तुझ्याकडं बघून दूध नाही, दूध नाही म्हणून रडते, आणि तू तिच्या खाटेला मोरपीस बांधतेस.

हंबीररावांनी तुला चार वेळा फोन लावला. बंद आहे. म्हणून हे पत्र. मिळाल्या मिळाल्या त्या सोनिया सिस्टरला खरं सांग, चीक तू ओतलास म्हणून. पोरीला दर तीन तासांनी पंप लावायला लाव. येईल ते, थेंब असो, पिवळं असो, सिस्टरच्या हातात दे.

उद्या संक्रांत. तीळगूळ यात घालत नाही. गोड बोलायची आज माझी तयारी नाही.

राही


विश्रामबाग, सांगली
१७ जानेवारी

आक्का,

लय बोललीस. आधी फोनचं सांगते. आत फोन न्यायचा न्हाई म्हनून म्या तो कपाटात ठेवला, तिथं तो मेला, आन् चार्जर आटपाडीला ऱ्हायला. हंबीररावांना म्हनावं मुद्दाम बंद केलेला न्हाई.

कोकराचं लिवलंस ते वाचून मी भाईर बाकड्यावर जाऊन बसले. चंद्राबाई म्हनली, कोन गेलं का गावाकडं. म्हनलं, न्हाई, बहिनीचं पत्र आलंय.

पर तू लांब बसून लिवतीस, हितं काय चाललंय ते मला ठावं. शेपूची भाजी करून आनली, तोंड वाकडं करून खाल्ली. हळिवाची खीर केली, तिच्यात हिनं चिंचंचं पानी मागितलं. बोटानं दाखवून. खिरीत चिंच, आक्का. डिंकाचा लाडू दिला तर खिडकीत ठिवून दिला, कावळ्यानं नेला. मी रोज चालत जाऊन शेपू आनते, माझं गुडघं कुनी इचारत न्हाई. मोरपीस सोडून टाकलं.

पंपाच्या खोलीत फकस्त आयांना सोडत्यात. पोरगी आत जाती, अर्ध्या घंट्यानं धुतल्याली बाटली घिऊन भाईर येती आन् म्हनती, पाल इल्ले. आधी ती पाल हुती तवाच बरं हुतं. आता कळतंय तर ऐकवत न्हाई.

सिस्टरला सांगितलं न्हाई अजून. सांगते. तू तिचं तोंड बघितलं न्हाईस. रोज पोरीवर डाफरती, अंकगणित शिकवल्यागत बोटं मोजून दाखवती, आठ वेळा, आठ वेळा. पोरगी मान डोलवती. आन् आता सांगून उपेग काय, वतायला काय येतंय का. सूरज बी म्हनतो, तीच म्हनती दूध न्हाई म्हनून. तिच्या अंगातच कमी असंल, मग माझ्या एकलीचा दोष कसा.

डब्याचं दूध नळीनं घातलं सोमवारी. मंगळवारी पोट फुगलं. आता तेबी बंद, नुसती सलाईन. वजन अकराशे चाळीस झालंय.

तीळगूळ धाडला न्हाईस ते बरं केलंस. उतरला नसता.

बया


पाटण, वरची वाडी
२० जानेवारी

बये,

वजन घटल्याचं तू शेवटी लिहिलंस. शेपू, चिंच, कावळा आणि तुझे गुडघे झाल्यावर. त्यावरूनच कळलं तुला किती भीती वाटतेय. मला पण वाटतेय.

एकच विचारते, नीट आठवून उत्तर दे. तू चीक ओतलास तेव्हा पोरगी कुठं होती?

आणि दुसरं. आबांची ती काळी मेंढी आठव, पान्हा सोडायची नाही ती. आबांनी तिला शेपू घातला होता का? कुत्र्याला लांब बांधायचे. तुला आणि मला गप बसवायचे, तुला जास्त. आणि कोकराच्या अंगाखालचं फडकं तिच्या नाकाशी धरायचे. मग ती सोडायची. बाई म्हणजे मेंढी नव्हे, पण एवढ्या बाबतीत फार लांबची पण नव्हे. भ्यायलेलीला पान्हा फुटत नाही. तिला नवरा जवळ नाही, भाषा नाही, बाळ काचेत, आणि दारात तू उभी.

सिस्टरला सांग. नाहीतर मी येते. मला ऐकू येत नाही, पण बोलता येतं.

राही


विश्रामबाग, सांगली
२५ जानेवारी

राहीआक्का,

पोरगी माझ्या म्होरंच हुती. खाटंवर. बाटली म्या तिच्याच हातातनं घेतली आन् तिच्या डोळ्यादेखत मोरीत वतली. तुझं पत्र वाचल्यावर मला ते दिसलं, आधी दिसलं नव्हतं.

गुरुवारी अकराला सिस्टरचा वर्ग चालू हुता. मी मधीच उठले. म्हनलं, सिस्टर, मला बोलायचंय.

"आजी, मेंढरांची गोष्ट मागनं."

"मेंढरांची न्हाई. तुमी रोज माझ्या सुनंला बोल लावताय. तिचा चीक म्या मोरीत वतला. तीन दिस. आन् तुमास्नी सांगितलं की आलाच न्हाई."

तिनं हातातल्या पेनाला टोपान लावलं. मला वाटलं आता हानती. 

"मी त्या पोरीला पंधरा दिस बोलतीया, आजी."

"व्हय."

"आन् तुमी तिला शेपू चारताय."

"व्हय."

"चला आत. दोघी चला."

मला पयल्यांदा त्या पंपाच्या खोलीत नेलं. म्या तिला आबांच्या फडक्याचं सांगितलं. म्हनली, कुठं शिकला हे. म्हनलं, मेंढरात. म्हनली, आमाला हेच ट्रेनिंगला शिकवलं हुतं, माझ्याच डोक्यातनं गेलं. पेटीपाशी जाऊन बाळाखालचं फडकं काढून आनलं. पूंगोडीच्या खांद्यावर टाकलं. पोरीनं त्यात नाक खुपसलं ते काढंचना. मग आमी दोघी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलो. आक्का, अर्धा घंटा मी एक शब्द बोलले न्हाई. सिस्टरनं दोनदा वळून बघितलं, जित्ती हाय का म्हनून.

आलं. दोन चमचे असंल. पिवळसर, पातळ. मी उठून नाचनार तेवढ्यात पोरीनं पंप सोडवला, बाटली घेतली, माझ्याकडं बघितलं आन् सरळ मोरीकडं चालली. बाटली वाकडी बी केली. म्या तिचं मनगट धरलं. कसं पोचले म्हाईत न्हाई, गुडघ्यांनी साथ दिली.

तिनं बाटली वर धरली. तिथं बी भिंतीवर तोच तक्ता हाय, त्यातल्या पांढऱ्या बाटलीकडं बोट केलं, मग हातातल्या पिवळ्याकडं. आन् मला म्हनली, पाल इल्ले?

आक्का, ती रडगानं सांगत नव्हती. ती इचारत हुती. हे दूध न्हाई का, म्हनून. पयल्या दिसापासनं मला एकच इचारत हुती. हंबीररावांनी शब्द बरोबर सांगितला, पर त्यास्नी कागद दिसला, तिचं तोंड दिसलं न्हाई. आन् मला तोंड दिसत हुतं तर शब्द कळंना.

मागनं सूरजला फोन लावला, तिच्याच फोनवरनं. त्यानं तिला इचारून सांगितलं. म्हनं, अत्तैनी, म्हंजे म्या सासूनं, वतलं, तवा ह्या घरची तशी रीत असंल. तक्त्यातल्यासारखं पांढरं येईस्तोवर वतायचं, तवर ते दूध न्हाई, तिनं त्याला बी तसंच सांगितलं हुतं. म्हनून ती रोज पंप लावत हुती, आठ वेळा, सिस्टर म्हनती तसं, आन् रोज सोताच्या हातानी वतत हुती. आमाला वाटलं आटलं. ती माझी रीत पाळत हुती, आक्का. माझ्यापाशी एवढं इमान कुनी राखलं नव्हतं, आन् राखलं ते असं.

म्या ती बाटली दोन्ही हातांनी धरली आन् म्हनलं, पाल. पाल हाय गं बाई. पाल हाय. सिस्टर बी म्हनली, पाल हाय. पोरीनं मान दोन्ही खांद्यांकडं डोलवली. ते व्हय असतं, सूरजनं सांगितलं. सिस्टर बाटली घिऊन आत पळाली. एक एक मिली घातलं त्या दिशी. पोट फुगलं न्हाई. काल दोन दोन घातलं. आज तीन. वजन पंधरा ग्रॅमनं वाढलं, सिस्टरनं मला दोनदा काटा दाखवला.

सूरजकडनं एक शब्द मागून घेतला. तप्पु. म्हंजे चुकलं. पूंगोडीच्या म्होरं बसून छातीला हात लावून म्हनले, तप्पु. मी तप्पु. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली, आन् मग तोंडावर पदर घिऊन हसली. हितं आल्यापासनं पयल्यांदा. म्हनली, सरी.

सरी म्हंजे बरं. उसाचं न्हाई ते.

तुला वरडायला यायचं हुतं, ते आता नगं. नुसतं यायचं असंल तर ये.

बया


आटपाडी
२७ फेब्रुवारी

राहीआक्का,

घरी आलो. दोन किलोची हाय आता. मालक मेंढरं सोडून दिसभर पाळन्यापाशी बसत्यात, लांडगा आला तरी कळायचं न्हाई.

निघायच्या आधी सोनियानं दोन्ही तक्ते खाली उतरवले. पांढऱ्या बाटलीच्या जागी स्केचपेनानं पिवळे थेंब काढले आन् वर दूध लिवलं, चार तऱ्हंनी. पाल आमच्या पूंगोडीनं सोताच्या अक्षरात लिवलं. इजापूरच्या पोरीला लिवता येत न्हाई, तिनं हालु म्हनून सांगितलं, सिस्टरनं लिवलं. सिस्टर म्हनली, ही हालु हालु म्हनायची तर मला वाटायचं, लय हाल हुत्यात म्हनती. म्हनलं, बघा, माझ्याच एकलीच्या डोक्यात पाल नव्हती.

शेवटचे पंधरा दिस मला अकराच्या वर्गाला बसवलं, आयांसंगं आल्याल्या सासवांना सांगायला. सिस्टर म्हनली, आजी, तुमी कोकराचं सांगा, मोरीचं मी सांगते. म्हनलं, न्हाई, मोरीचं बी मीच सांगनार. एक सासू उठून गेली रागानं. दुसऱ्या दिशी आली, हातात बाटली घिऊन, तळाला एवढंसं पिवळं.

काल दुपारची गोष्ट. भाकरी थापत हुते. वर बघितलं तर भिंतीवर ही एवढी पाल. खरी. मी वरडले, पाल, पाल. तर पूंगोडी बाळाला घिऊन आतनं पळत आली, चुलीम्होरं मांडी घालून बसली, पदर सारला आन् पाजायला घेतलं. माझ्याकडं बघून मान डोलवली, की बघा, पाजतीया. पाल वरच. म्या उलथनं खाली ठिवलं आन् गप बसले. भाकर करपली. करपू दे, तुझी बी करपली हुती.

तू ये आता. आन् ते कानातलं यंत्र डब्यातनं काढून, घालून ये. पिताना नात आवाज करती, बारीक, पालीगत चुकचुक. तेवढा ऐकायला ये.

बया